तक्ता रिकामा येतो तेव्हा

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘घरची हापूसची बाग आहे. वाशी, पुणे, कोल्हापूर इथली आवक आणि दर रोज एका फाइलीत जमा व्हावेत म्हणून पायथन शिकलो. रिक्वेस्ट्सने पान आणलं, ब्यूटिफुल सूपने तक्ता शोधला. ब्राउझरमध्ये तक्ता भरलेला दिसतो, माझ्या प्रोग्रामला मात्र शीर्षकाची ओळ तेवढी मिळते, खाली काहीच नाही. सगळे सांगतात, साइट जावास्क्रिप्टवर आहे, सेलेनियम शिक. लॅपटॉप चार जीबीचा आहे. काय करू?’

सेलेनियमकडे, म्हणजे प्रोग्राममधून अख्खा ब्राउझर चालवणाऱ्या साधनाकडे, वळायच्या आधी जरा थांबा. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की तुमचं काम रिक्वेस्ट्सवरच भागेल. मी रत्नागिरीत बसून बरीच वर्षं हेच करतो आहे. आंब्याचे आणि काजूचे दर, पाऊस, भरती-ओहोटीच्या वेळा, जे लोकांना रोज लागतं ते गोळा करून त्यांच्या हाती द्यायचं. ‘ही जावास्क्रिप्टची साइट आहे’ म्हणून जी कामं माझ्याकडे आली, त्यातल्या बहुतेकांत शेवटी साधी लायब्ररीच पुरली.

आधी घडतं काय ते समजून घ्या. रिक्वेस्ट्स ही पायथनची तयार लायब्ररी सर्व्हरकडे एका पत्त्यावरचं पान मागते आणि येईल तो मजकूर जसाच्या तसा तुमच्या हाती ठेवते. ब्यूटिफुल सूप त्या मजकुराची उकल करून देते. दोन्हींपैकी एकही त्यातली जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारा प्रोग्राम, चालवत नाही. ब्राउझर ती चालवतो. चालू झालेली जावास्क्रिप्ट सर्व्हरकडे दुसरी विनंती करते, आकडे आणते आणि रिकाम्या तक्त्यात एकेक ओळ भरते. तुम्ही डोळ्यांनी बघता तो तक्ता या दुसऱ्या विनंतीनंतरचा असतो, आणि प्रोग्रामला मिळतो तो पहिल्या विनंतीचा.

याची खात्री करायला एक मिनिट लागतं. पानावर उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ उघडलंत तर जावास्क्रिप्ट चालून गेल्यानंतरचं पान दिसतं. ‘व्ह्यू पेज सोर्स’ उघडलंत तर सर्व्हरने पाठवलेला मूळ मजकूर दिसतो. पडद्यावर दिसणारा एखादा दर, समजा ३२५०, त्या मूळ मजकुरात शोधा. सापडला तर चूक तुमच्या निवडकात, म्हणजे पानातला नेमका भाग शोधणाऱ्या सूचनेत आहे, जावास्क्रिप्टचा संबंध नाही. नाही सापडला तर आकडे मागाहून येताहेत. पुष्कळ जण इन्स्पेक्टमध्ये बघून निवडक लिहितात आणि मग तो लागत नाही म्हणून रात्र घालवतात. तुमच्याही प्रोग्राममध्ये तसं झालंय का ते आधी तपासा.

पान न बदलता मागच्या दाराने आकडे आणायची ही रीत जुनी आहे. जावास्क्रिप्ट आली १९९५ साली, नेटस्केपमध्ये. अशी दुसरी विनंती करायची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत दिली, आणि २००५ साली त्या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव पडलं. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की ती दुसरी विनंती काही जादू नाही. तुम्ही रिक्वेस्ट्सने करता तसलीच ती साधी विनंती आहे, फक्त तिचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत दिसत नाही. हर्णैला आज कुठली मासळी किती आली हे जाणून घ्यायचं असेल तर खानावळीतली ताटं मोजायची नसतात, होडीतून टोपल्या उतरतात तिथे जाऊन उभं राहायचं असतं. तुमचं सगळं काम म्हणजे ती उतरायची जागा शोधणं.

ती सापडते ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या ‘नेटवर्क’ भागात. एफ बारा दाबा, नेटवर्क निवडा, वर ‘फेच किंवा एक्सएचआर’ असा गाळणीचा पर्याय असतो तो लावा, ‘प्रिझर्व्ह लॉग’ वर खूण करा आणि मग पानावर जाऊन शेतमालाच्या यादीतून आंबा निवडा. खाली एखाददोन नव्या ओळी उमटतील. ओळीवर टिचकी मारून ‘रिस्पॉन्स’ बघा. तिथे तुमचा ३२५० दिसला की जागा मिळाली. ओळी फार असतील तर नेटवर्कच्याच भागात कंट्रोल आणि एफ दाबून तो आकडा शोधा. तो सगळ्या उत्तरांच्या पोटात शोध घेतो, नुसत्या नावांत नाही. ही सोय मला फार उशिरा कळली. त्याआधी मी एकेक ओळ उघडून बघत असे. शोधताना आकडा स्वल्पविरामाशिवाय टाका, कारण पडद्यावरचा स्वल्पविराम बहुधा जावास्क्रिप्टने मागाहून घातलेला असतो.

जागा सापडली की त्या ओळीवर उजवी कळ दाबून ‘कॉपी ॲज कर्ल’ करा. विनंतीचा पत्ता, हेडर (विनंतीसोबतच्या सूचना), कुकी (सर्व्हरने ओळखीसाठी दिलेली खूण), पाठवलेला मजकूर, सगळं एकगठ्ठा मिळतं. ते पायथनमध्ये उतरवा आणि जसंच्या तसं चालवा. चाललं की खरं काम सुरू होतं: एकेक हेडर काढत जा आणि दर वेळी पुन्हा चालवून बघा. शेवटी ज्यावाचून उत्तर येतच नाही तेवढंच शिल्लक ठेवा. बहुतेकदा दोन-तीन गोष्टी उरतात. ‘एक्स रिक्वेस्टेड विथ’ हा हेडर नसेल तर काही सर्व्हर आकड्यांऐवजी पुन्हा सबंध पान पाठवतात. काहींना ‘रेफरर’ लागतो. काही जण कुकी मागतात, आणि इथे नवशिके हमखास अडकतात. आज ब्राउझरमधून उचललेली कुकी प्रोग्राममध्ये चिकटवली की आज चालते, उद्या ती मुदतबाह्य होते. कुकी चिकटवायचीच नाही. रिक्वेस्ट्समधलं ‘सेशन’ घ्यायचं, आधी मूळ पान त्यातून मागायचं, सर्व्हर देईल ती कुकी सेशन आपली आपण सांभाळतं, आणि मग त्याच सेशनमधून आकड्यांची विनंती करायची. फॉर्मसोबत टोकन, म्हणजे सर्व्हरने दिलेला परवलीचा मजकूर, लागत असेल तर तेही त्या पहिल्या पानात लपलेल्या इनपुटमध्ये किंवा मेटा टॅगमध्ये असतं. ते ब्यूटिफुल सूपने काढा आणि पुढे पाठवा.

पोस्ट विनंती, म्हणजे सोबत मजकूर पाठवणारी विनंती, असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. नेटवर्कमध्ये ‘पेलोड’ बघा. तिथे ‘फॉर्म डेटा’ लिहिलं असेल तर रिक्वेस्ट्सला ‘डेटा’ या नावाने द्यायचं, ‘रिक्वेस्ट पेलोड’ म्हणून महिरपी कंसातला मजकूर दिसत असेल तर ‘जेसन’ या नावाने. दोन्हींची अदलाबदल झाली की सर्व्हर पुष्कळदा चूक दाखवत नाही, शांतपणे रिकामी यादी देतो, आणि आपण समजतो की आज बाजार बंद होता.

उत्तर दोन प्रकारचं असतं. एक तर जेसन, म्हणजे नाव आणि त्याचं मूल्य अशा जोड्या. मग तुमचं काम पानापेक्षाही सोपं झालं, ब्यूटिफुल सूपची गरजच उरली नाही. किंवा एचटीएमएलचा तुकडा, तक्त्याच्या नुसत्या ओळी. मग तो तुकडा सूपला द्या, तुमचा आत्ताचाच प्रोग्राम त्यावर चालेल. विनंतीतली मूल्यंही वाचा. बाजार समितीला सांकेतिक क्रमांक असतो, शेतमालालाही असतो, आणि ते क्रमांक बहुधा मूळ पानातल्या यादीच्या पर्यायांमध्येच लिहिलेले असतात. ‘पेज साइज’ सारखं मूल्य दिसलं तर एका वेळी किती ओळी मिळतील ते तिथून कळतं. ते अवाच्या सवा वाढवू नका. एका दिवसाच्या आंब्याच्या ओळी शंभराच्या आत असतील, तेवढंच मागा.

आता तारखेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात माझा एक अख्खा हंगाम गेला आहे. जुन्या डॉटनेट सर्व्हरकडून जेसनमध्ये तारीख येते ती ‘डेट’ या शब्दापुढे कंसात भलामोठा आकडा अशी. तो आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद, आणि तेही जागतिक वेळेप्रमाणे. आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास. म्हणजे आपल्याकडची १२ एप्रिलची मध्यरात्र तिथे ११ एप्रिलचे संध्याकाळचे साडेसहा. मी तो आकडा तसाच तारखेत बदलला आणि वेळेचा भाग कापून टाकला. प्रत्येक नोंद एक दिवस मागे गेली. आकडे बरोबर, आलेख सुंदर, कुणालाच शंका आली नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला दर कसा हलतो हे एका बागायतदाराने त्या फाइलीवरून बघितलं, दलालाकडून आलेल्या विक्रीच्या पट्टीशी ताडलं, आणि मला फोन करून विचारलं की सणाच्या दिवसाचा दर तुमच्याकडे आदल्या दिवशी कसा? त्याच्या हातातली कागदी पट्टी बरोबर होती, माझी फाइल चूक. तेव्हापासून माझा नियम आहे: नवीन स्रोत जोडला की पहिले आठ दिवस पडद्यावरचा तक्ता आणि फाइल शेजारी ठेवून हाताने ताडायची. तुमच्याकडे तर घरच्याच मालाच्या पट्ट्या आहेत. त्याहून चांगली कसोटी दुसरी नाही.

कधी कधी नेटवर्कमध्ये काहीच सापडत नाही आणि आकडा मूळ मजकुरात मात्र असतो, पण तक्त्यात नाही, एखाद्या स्क्रिप्ट टॅगच्या पोटात. आलेख दाखवणाऱ्या पानांवर हे नेहमी होतं. सगळी मालिका एका जावास्क्रिप्टच्या चलात (व्हेरिएबलमध्ये) भरून ठेवलेली असते. नेक्स्ट जेएस या साधनावर बांधलेल्या पुष्कळ साइटींत ‘नेक्स्ट डेटा’ या नावाचा एक स्क्रिप्ट टॅग असतो, त्यात पानाचा सगळा डेटा जेसनमध्ये तयार. सूपने तो टॅग उचला, आतला मजकूर जेसन म्हणून वाचा, झालं. चलात भरलेली मालिका असेल तर बरोबरच्या चिन्हापासून अर्धविरामापर्यंतचा भाग कापून जेसन म्हणून वाचायचा. जोड्यांतल्या नावांना अवतरणचिन्हं नसतील तर जेसन वाचक रुसतो, मग थोडी साफसफाई करावी लागते. पायथनचं ‘इव्हॅल’ त्यावर कधीही चालवू नका. परक्या साइटचा मजकूर आपल्या यंत्रावर प्रोग्राम म्हणून चालवणं म्हणजे घराची किल्ली रस्त्यावर ठेवणं आहे.

सरकारी साइटींचा एक वेगळा प्रकार भेटेल, आणि तो तुम्हाला नक्की भेटणार आहे म्हणून सांगतो. तालुका निवडला की सगळं पान पुन्हा लोड होतं, पत्ता बदलत नाही, दुव्यांवर ‘डू पोस्टबॅक’ असं काहीतरी लिहिलेलं दिसतं. ही एएसपी डॉट नेटची जुनी रचना. बघणाऱ्याला ती जावास्क्रिप्ट वाटते, आहे मात्र साधा फॉर्म. पानात ‘व्ह्यूस्टेट’ आणि बहुधा ‘इव्हेंट व्हॅलिडेशन’ अशी दोन लपलेली इनपुटं असतात, लांबच लांब अक्षरांची. जावास्क्रिप्ट एवढंच करते की कुठल्या दुव्यावर टिचकी पडली त्याचं नाव ‘इव्हेंट टार्गेट’ मध्ये भरते आणि फॉर्म पाठवते. तुम्हीही तेच करायचं. पान मागा, सगळी लपलेली इनपुटं गोळा करा, इव्हेंट टार्गेट आणि निवडलेला पर्याय भरा, पोस्ट करा. महत्त्वाची गोष्ट ही की प्रत्येक उत्तरासोबत व्ह्यूस्टेट नवं येतं आणि पुढच्या पायरीला तेच लागतं. जिल्हा, मग तालुका, मग गाव अशी उतरंड असेल तर पायऱ्या गाळता येत नाहीत, ज्या क्रमाने माणूस निवडतो त्याच क्रमाने जावं लागतं. मेकॅनिकल सूप नावाची छोटी लायब्ररी फॉर्म भरायचं काम सोपं करते. ती रिक्वेस्ट्स आणि ब्यूटिफुल सूप यांच्यावरच उभी आहे, म्हणून तुम्हाला परकी वाटणार नाही. उत्तरात उभ्या रेघांनी तोडलेला विचित्र मजकूर आला तर घाबरू नका. पानाचा फक्त एक भाग बदलणारी ती पद्धत आहे, तुमचा तक्ता त्या रेघांच्या मधेच असतो.

याच साइटींवर प्रमाणपत्राची, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची, चूक येते. ब्राउझरमध्ये पान उघडतं, रिक्वेस्ट्स ‘एसएसएल एरर’ म्हणून थांबते. पुष्कळदा कारण हे असतं की सर्व्हरने साखळीतलं मधलं प्रमाणपत्र पाठवलेलंच नसतं. ब्राउझर ते स्वतः मिळवतो, रिक्वेस्ट्स मिळवत नाही. इंटरनेटवर जो तो सांगतो की पडताळणी बंद करून टाका. करू नका. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत डावीकडे असलेल्या चिन्हावरून ते मधलं प्रमाणपत्र उतरवून घ्या, रिक्वेस्ट्स वापरते त्या प्रमाणपत्रांच्या फाइलीच्या प्रतीत शेवटी जोडा आणि त्या प्रतीचा पत्ता ‘व्हेरिफाय’ ला द्या. एकदाच दहा मिनिटं जातात.

मग ब्राउझर लागतो कधी? जेव्हा आकडे वेब सॉकेटवरून, म्हणजे कायम उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, सतत वाहत येतात, जेव्हा विनंतीसोबतची सही जावास्क्रिप्ट दर वेळी नव्याने घडवते आणि ती उकलणं खरंच अवघड असतं, किंवा उत्तर गुप्त करून येतं आणि पानातच उलगडतं. अशा वेळी हट्ट करू नये. पण सेलेनियमऐवजी प्लेराइट हे तसलंच साधन घ्या, असं मी सांगेन. सेलेनियम २००४ पासून आहे आणि चाचण्यांच्या जगात त्याचं स्थान पक्कं आहे. २०२० साली मायक्रोसॉफ्टने आणलेलं प्लेराइट मला या कामासाठी जास्त सोयीचं वाटतं, कारण पानावरचा घटक तयार होईपर्यंत ते स्वतःहून थांबतं. जुन्या लेखांत फँटम जेएस हा खिडकीशिवाय चालणारा ब्राउझर दिसला तर तो लेख तिथेच बंद करा. त्याचं काम २०१८ मध्येच थांबलं. २०१७ साली क्रोमच एकोणसाठाव्या आवृत्तीपासून खिडकीशिवाय चालू लागला आणि फँटमची गरज संपली. रिक्वेस्ट्स एचटीएमएल नावाची लायब्ररीही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. नाव साधं आहे, पण तिला ‘रेंडर’ म्हटलं की ती पहिल्यांदा आख्खा क्रोमियम उतरवते. म्हणजे ब्राउझर आलाच, फक्त न सांगता. तिची देखभालही आता होत नाही.

प्लेराइट वापरायची वेळ आलीच तर दोन गोष्टी करा. पाच सेकंद झोप, दहा सेकंद झोप असे ठोकताळे लिहू नका. संध्याकाळी सगळं गाव मोबाइल घेऊन बसलं की देवगडात पाच सेकंदांचे पंधरा होतात. तक्त्याची पहिली ओळ दिसेपर्यंत थांब, असं सांगा. आणि ब्राउझर उघडूनही पडद्यावरचा तक्ता खरवडू, म्हणजे पानातून आकडे उपसू, नका. पान मागे जे उत्तर आणतं तेच प्लेराइटला पकडायला सांगता येतं, ते जेसन थेट घ्या. चित्रं, फाँट आणि जाहिराती अडवून ठेवा, म्हणजे चार जीबीतही तग धरता येईल. कधी मधला मार्ग चालतो. ब्राउझरने एकदा आत जायचं, मिळालेल्या कुकी रिक्वेस्ट्सच्या सेशनला द्यायच्या, ब्राउझर बंद करायचा आणि पुढचं सगळं साध्या लायब्ररीने.

आता मराठी मजकुराचे खाचखळगे. इंग्रजीतल्या धड्यांत हे कुणी लिहीत नाही. सर्व्हरने मजकुराची लिपी कशी साठवली आहे ते हेडरमध्ये सांगितलं नसेल तर रिक्वेस्ट्स एचटीएमएलला युरोपीय भाषांची जुनी सांकेतिक पद्धत धरून चालते आणि ‘आंबा’ च्या जागी अगम्य चिन्हं येतात. डेटा बिघडलेला नसतो. ‘एन्कोडिंग’ ला यूटीएफ आठ द्या, किंवा सूपला ‘टेक्स्ट’ न देता ‘कंटेंट’ म्हणजे कच्चे बाइट द्या, ते पानातला मेटा टॅग वाचून स्वतः ठरवतं. देवनागरी आकड्यांची काळजी करू नका. पायथनचं ‘इंट’ ‘३२५०’ हे देवनागरीत लिहिलेलंही सरळ वाचतं. स्वल्पविराम तेवढा काढून टाका, आणि जिथे दर नाही तिथे टाकलेली आडवी रेघ शून्य म्हणून नोंदवू नका, रिकामी ठेवा. शून्य दर आणि दर न लागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नावांचं दुखणं मोठं आहे. एकच बाजार ‘मुंबई’, ‘मुंबई - फ्रूट मार्केट’, ‘वाशी’ अशा तीन नावांनी येऊ शकतो. ‘हापूस’ आणि ‘अल्फान्सो’ एकाच फळाच्या दोन ओळी होऊ शकतात. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द आतून वेगळे असतात, कारण एकात अदृश्य जोडचिन्ह असतं किंवा नुक्त्याचं अक्षर दोन तुकड्यांत लिहिलेलं असतं. म्हणून मजकूर आधी युनिकोडच्या एकाच साच्यात आणा, रुंदी नसलेली चिन्हं काढा आणि मग नावांची एक तुलनासूची हाताने बनवा. चिन्हं फक्त तुलनेच्या प्रतीतून काढा. मूळ नावातून काढलीत तर ‘दर्‍या’ चा ‘दर्या’ होऊ शकतो. आणि परिमाणाचा रकाना कधीही गाळू नका. एका बाजारात आवक क्विंटलमध्ये, दुसऱ्यात डझनात, तिसऱ्यात नगात असू शकते. पाच डझनांची पेटी आणि क्विंटल एका स्तंभात बेरजेला घातले की निघणारा आकडा कुणाच्याच उपयोगाचा नसतो. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण दराच्या तक्त्यातली ‘हापूस’ ही ओळ फळ कुठल्या बागेतलं ते सांगत नाही. तुमच्या दराशी तुलना करताना हे मनात असू द्या.

खरवडायला सुरुवात करण्याआधी एक बघा: हाच डेटा कुणी सरळ देतंय का? भारत सरकारचं खुल्या डेटाचं पोर्टल २०१२ पासून चालू आहे. ॲगमार्कनेटवर जमा होणारे बाजार समित्यांचे रोजचे दर तिथे एपीआयने, म्हणजे प्रोग्रामला थेट डेटा देणाऱ्या सोयीने, मिळतात. नोंदणी करून आपली किल्ली घ्यायची, बाजार आणि शेतमाल सांगायचा, जेसन येतं. तुम्हाला हवे असलेले तीन बाजार त्यात नीट भरले जात असतील तर वरचं सगळं विसरा आणि तेच वापरा. मी दोन्ही ठिकाणांहून घेतो आणि फरक पडला की थांबून बघतो.

साइटशी वागायची रीतही सांगतो, कारण ही मला तंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे प्रोग्रामांनी साइटवर कुठे जावं आणि कुठे नाही ते सांगणारी फाइल, आधी वाचा. १९९४ पासून चालत आलेली ती प्रथा २०२२ साली रीतसर मानक झाली, आणि पायथनसोबतच तिचा वाचक येतो. दोन विनंत्यांमध्ये निदान तीन-चार सेकंद जाऊ द्या. दर दिवसातून एकदाच बदलत असतील तर दर पाच मिनिटांनी विचारू नका. ज्या सर्व्हरवर सकाळी शेकडो शेतकरी मोबाइलवरून दर बघतात त्याच सर्व्हरवर तुमचा प्रोग्रामही जातो. तो मंदावला तर तोटा आपल्याच माणसांचा. ‘युजर एजंट’ या हेडरमध्ये आपला प्रोग्राम काय करतो ते आणि संपर्काचा पत्ता लिहा. ४२९ हे उत्तर आलं तर ‘फार वेळा विचारलंत’ असा त्याचा अर्थ. सोबत ‘रिट्राय आफ्टर’ असेल तर तेवढं थांबा, नसेल तर थांबण्याचा काळ दर वेळी दुप्पट करा. कॅप्चा आला तर तिथे थांबा, तो फोडायच्या मागे लागू नका, कार्यालयाला पत्र लिहून डेटा मागा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय डेटा उतरवून घेण्याचा उल्लेख आहे, तेव्हा साइटच्या अटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. दरांच्या तक्त्यात शेतकऱ्यांची किंवा व्यापाऱ्यांची नावं, फोन येत असतील तर ती साठवूच नका. तुम्हाला ती लागत नाहीत.

शेवटी आपल्या किनाऱ्यावरच्या अडचणी. मे महिन्यात वळवाची एक सर आली की वीज जाते, आणि हंगामाचे मोलाचे दिवस तेच. म्हणून प्रोग्राम असा लिहा की तो मधेच मेला तरी पुन्हा सुरू करता येईल. मिळालेलं प्रत्येक उत्तर आधी कच्च्या स्वरूपात, तारीख आणि वेळ नावात घालून, फाइलीत ठेवा, मग त्यातून आकडे काढून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये घाला. उकल चुकली असं महिन्याने कळलं तर साइटला पुन्हा न विचारता कच्च्या फाइलींवरून सगळं नव्याने काढता येतं. तारखेची चूक मी अशीच दुरुस्त केली. कच्च्या फाइली होत्या म्हणूनच हंगाम परत मिळाला. बाजार, शेतमाल, जात, परिमाण आणि तारीख मिळून एक अनन्य किल्ली बनवा, म्हणजे प्रोग्राम दोनदा चालला तरी नोंदी दुप्पट होणार नाहीत. ‘टाइमआउट’ द्यायला विसरू नका. रिक्वेस्ट्सला तो दिला नाही तर ती कितीही वेळ वाट बघत बसते. रेंज गेलेल्या रात्री सुरू झालेला माझा प्रोग्राम सकाळी तिथेच बसलेला मी पाहिलाय.

प्रोग्राम परदेशातल्या फुकट सर्व्हरवर टाकायचा मोह होईल. करून बघा, पण काही सरकारी साइटी भारताबाहेरून उघडत नाहीत. तिथे ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ असं उत्तर, आलं आणि घरून चालत असेल तर कारण बहुधा तेच. इन्व्हर्टरवर चालणारा घरचा जुना लॅपटॉप या कामाला उत्तम.

आणि रिकाम्या तक्त्याला यश समजू नका. शून्य ओळी आल्या तर प्रोग्रामने तसं स्पष्ट ओरडून सांगायला हवं, मग तुम्ही बघा की आज रविवार आहे, बाजार समितीची सुट्टी आहे, की साइटने रकान्याचं नाव बदललंय. मी रोजच्या ओळींची संख्या वेगळी नोंदवतो. ऐन एप्रिलमध्ये वाशीची ओळच नाही असं दिसलं की फोन उचलून ओळखीच्या दलालाला विचारतो.

आज रात्री एवढंच करा: नेटवर्क उघडून आंबा निवडा, ज्या ओळीत दर दिसतो तिचा पत्ता, पेलोड आणि उत्तराच्या पहिल्या वीस ओळी कळवा, कुकीचा भाग खोडून. तिथून पुढचं आपण मिळून लिहू.